एकगठ्ठा घेणार असाल तर

जुन्या बाजारात रेकॉर्डी शोधायला आलेला माणूस ओळखायचा असेल, तर तो काय बघतोय हे बघू नका. काय बघत नाहीये ते बघा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर गंजलेले पाने, बिनकिल्ल्यांची कुलुपं आणि मिलिटरी बुटांचे ढीग यांच्या मधोमध एखादा साठीचा गृहस्थ प्रेशर कुकरचं झाकण हातात धरून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं उभा दिसेल. झाकण तो उलटंसुलटं करतो, शिट्टीच्या भोकातून आकाश बघतो. त्याला झाकण नको असतं. आपल्या घरी कुकर कुठल्या कंपनीचा आहे हेही त्याला सांगता येणार नाही. त्याच्या डाव्या चपलेपासून हातभर अंतरावर पोत्यावर रेकॉर्डींचा गठ्ठा पडलेला असतो आणि त्या गठ्ठ्यातून एचएमव्हीच्या जांभळट लेबलाची कड बाहेर आलेली असते. ती त्यानं वीस पावलांवरून टिपलेली असते. आता प्रश्न एवढाच, की टिपली आहे हे मालकाला कळू द्यायचं नाही.

मालकाला ते केव्हाच कळलेलं असतं. "काका, झाकणाचे वीस," तो तंबाखू मळता मळता म्हणतो, "आणि रेकॉर्डचे पाचशे."

यावर "कसली रेकॉर्ड?" असं विचारावंच लागतं. मग गठ्ठ्याकडे पहिल्यांदाच लक्ष गेल्यासारखं करून नको असलेल्या चारपाच रेकॉर्डी आधी उचलायच्या, त्यांची आस्थेनं चौकशी करायची, परवडत नाहीत म्हणून हळहळायचं आणि अगदी उठता उठता, "बरं, ही द्या, नातवाला शाळेत काहीतरी चित्रं काढायला हवीय," म्हणून हवी ती उचलायची. मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली, आयुष्यात कधी खोटं न बोललेली माणसं हे नातवाचं वाक्य बिनदिक्कत बोलतात. त्यातल्या काहींचं तर लग्नही झालेलं नाही.

आता मालकाच्या हातात मोबाइल आला आणि या रंगभूमीची मजा थोडी गेली. तो नंबर बघतो, बोटानं वर सरकवतो आणि म्हणतो, "नेटवर चार हजार आहे." आपण म्हणायचं, "ते इंग्लंडचं प्रेसिंग. हे डमडमचं." त्याला डमडम कुठे आलं माहीत नसतं, आणि नेटवरची ती रेकॉर्ड इंग्लंडची आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं. दोन अज्ञानं समोरासमोर आली की भाव साधारण योग्य ठरतो.

मुंबईच्या चोर बाजाराची तऱ्हा निराळी. तिथे शुक्रवारी सकाळी फुटपाथवर मांडलेल्या पसाऱ्यात अभिनयाला वाव नसतो, कारण तिथे सुटं काही मिळतच नाही. तुम्ही दोन रेकॉर्डी बाजूला काढता, तो त्या शांतपणे परत गठ्ठ्यात घालतो आणि म्हणतो, "पूरा लॉट लेना पडेगा, सेठ." त्या लॉटमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांची कोलंबियावरची एक जुनी तबकडी असते, आणि तिच्या संगतीला 'शोले'चे संवाद, कुठल्याशा खताची जाहिरात, इंग्रजी शिकवणाऱ्या लिंग्वाफोनच्या संचातला अकरावा धडा आणि कोणत्याही लेबलाशिवायचं एक भजन. खाँसाहेबांसाठी आपण सगळी वरात घरी आणतो. बघणाऱ्याला माझं कपाट म्हणजे माझी आवड वाटते. वस्तुस्थिती अशी, की चाळिसातल्या दोन मला हव्या होत्या, बाकीच्या अडतीस मला हव्या होत्या असं त्या विक्रेत्याला वाटत होतं. 'शोले'चे संवाद तर माझ्याकडे इतके आहेत, की रामगढ गावाला घरटी एक वाटता येतील.

या लॉटांचा एक नियम आहे आणि त्याला अपवाद मी पाहिलेला नाही. चांगलं गाणं झिजलेलं असतं आणि रटाळ वस्तू कोरी करकरीत असते. लिंग्वाफोनचा अकरावा धडा आरशासारखा लखलखतो, कारण पाचव्या धड्याच्या पुढे त्या घरात कोणी गेलंच नाही. आणि ज्या नाट्यपदासाठी जीव टाकावा ते पद करडं पडलेलं असतं. याला आपली काटकसर जबाबदार आहे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन एक बाजू वाजवली की बदलायची, असा दंडक होता. पिनांच्या त्या सुबक पत्र्याच्या डब्या त्यासाठीच असत. पण "अजून चालतीय की" या तत्त्वावर उभ्या असलेल्या आपल्या घरांत एकेक पिन चातुर्मासभर चालली. ती रेकॉर्ड वाजवत नव्हती, नांगरत होती. बालगंधर्वांच्या आवाजाला काळानं धक्का लावला असं आपण हळव्या आवाजात म्हणतो. काळाचा यात काही संबंध नाही. एका पिनेचे पैसे वाचवले, हिशोब संपला.

हाती आलेली रेकॉर्ड तपासायची एक रीत आहे. ती उजेडात तिरपी धरायची. सरळ धरली तर प्रत्येक रेकॉर्ड सुंदरच दिसते. तिरपी धरली की केसासारखे बारीक चरे, कोणाच्या तरी अंगठ्याचा जुना ठसा, बुरशीचे पांढरे ठिपके असं सगळं वर येतं. अठ्ठ्याहत्तरची असेल तर करंगळीवर तोलून बोटानं टिचकी मारायची, मडकं वाजवून घेतात तशी. टण् वाजली तर अखंड, भद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. त्यानंतर वास. वासाबद्दल संग्राहक चारचौघांत बोलत नाहीत, पण प्रत्येक जण हुंगतो. डांबराच्या गोळ्यांचा वास आला तर घर नेटकं होतं. उदबत्तीचा आला तर रेकॉर्डी देवघराशेजारी होत्या, म्हणजे उंदराला प्रसाद मिळत होता, म्हणजे कव्हर गेलं. नुसत्या ओलीचा वास आला तर माळ्यावरून आलेला माल, पावसाळे सोसलेला. अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी म्हणजे मुळात लाख. झाडावरच्या किड्यांनी केलेली लाख, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी. दर वर्षी घरात पेस्ट कंट्रोल करून घेणाऱ्या माणसांनी किड्यांच्या या ऐवजासाठी स्वतंत्र कपाट करून घ्यावं, हा विरोधाभास आमच्या घरी पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला हे सांगायची गरज नाही.

विकणाऱ्यांनी रेकॉर्डींना प्रतवारी लावायला सुरुवात केली तेव्हापासून भाषेवरचा माझा विश्वास उडाला आहे. 'मिंट' म्हणजे बरी. 'व्हेरी गुड' म्हणजे वाजते, पण पाहुण्यांसमोर लावू नये. आणि 'गुड' म्हणजे गाणं आणि भजी तळणं यांतलं नक्की काय चाललंय ते ठरवता येत नाही. एका विक्रेत्यानं मला "साहेब, आवाज एकदम क्लिअर, फक्त मधे मधे गाणं येतं," असं सांगितलं होतं. तो विनोद करत नव्हता.

खरेदीनंतरचा अवघड टप्पा म्हणजे गृहप्रवेश. यासाठी बारा इंचांची चौकोनी वस्तू लपवता येईल अशी पिशवी लागते, आणि तशी पिशवी हातात दिसली की लपवायचं काही उरत नाही. स्कूटरच्या डिकीत एलपी मावत नाही. शेजाऱ्यांकडे ठेवावी तर शेजारी ती परत करायला ऐन जेवणाच्या वेळी येतात. शेवटी माणूस सरळ दारातून आत येतो. आतून प्रश्न येतो, "अहो, नवीन आणली का?" याचं उत्तर आमच्या पंथातल्या सगळ्यांनी पाठ केलेलं आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे: "छे गं, जुनीच आहे."

मग रेकॉर्ड न्हाऊ घालायची. लेबलवर पाणी गेलं तर लेबल गेलंच, म्हणून दोन्ही बाजूंनी स्टीलच्या डब्यांची छोटी झाकणं घट्ट धरून, भांड्यांचा साबण दोन थेंब, मऊ ब्रश आणि वरून बारीक धार. ब्रश खाचांच्या दिशेनं गोल गोल फिरवायचा, आडवा नाही. हे सगळं स्वयंपाकघराच्या बेसिनवर घडतं आणि घडताना स्वयंपाकघर बंद राहतं. एलपी धुवायला काही जण पाण्यात स्पिरिट घालतात. एलपीला ते चालतं, कारण ती प्लॅस्टिकच्या जातीची. तीच युक्ती लाखेच्या रेकॉर्डीवर केली तर रेकॉर्ड विरघळायला लागते. सुतार लाख स्पिरिटमध्येच कालवतो आणि पॉलिश करतो. माझ्या एका परिचितानं याच मार्गानं सुरेल पॉलिश तयार केलं. त्यांच्या टीपॉयवर ते अजून आहे. दुसरी एक धाडसी विद्या म्हणजे फेव्हिकॉल. एलपीच्या तोंडावर फेव्हिकॉलचा जाड थर द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी साय काढल्यासारखा अख्खा पापुद्रा सोलून काढायचा. खाचांतली वर्षानुवर्षांची धूळ त्याला चिकटून येते. हे खरोखर जमतं. पण पहिल्यांदा करणाऱ्या माणसाची ती रात्र कशी जाते, ते त्याच्या घरच्यांना विचारावं. धुतलेल्या रेकॉर्डी बशांच्या रॅकमध्ये बशांच्या मधे उभ्या वाळतात, आणि घाईत जेवायला वाढणाऱ्याच्या हाती कधीतरी वसंतराव येतात.

कपाटात लावायचं म्हटलं की दुसरं महाभारत. अक्षरक्रमानं लावावं तर बालगंधर्व 'ब'मध्ये, 'ग'मध्ये, की नारायण श्रीपाद राजहंस म्हणून 'र'मध्ये? रागाप्रमाणे लावावं तर एका बाजूला यमन, दुसरीला ठुमरी. ती अर्धी कुठे ठेवणार? घराण्याप्रमाणे लावणारे स्वतःला शहाणे समजतात. त्यांच्याकडे हिराबाई बडोदेकर आपल्या वडिलांशेजारी, अब्दुल करीम खाँसाहेबांशेजारी येतात. आईवडील विभक्त झाल्यावर मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही; गाणं मात्र किराण्याचंच राहिलं. अर्ध्या आयुष्यात जे जुळलं नाही ते एका प्लायवूडच्या फळीनं जुळवलं, याचं त्या संग्राहकाला फार समाधान असतं. तोच माणूस केसरबाई आणि मोगूबाई एकाच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या म्हणून शेजारी ठेवतो, पण मधे एक तिसरीच रेकॉर्ड घालतो. का, म्हणून विचारलं तर नुसता हसतो.

खरे मुरलेले मात्र नंबरानं लावतात. त्यांचं आपसातलं बोलणं परक्याला कळत नाही. एक म्हणतो, "ईसीएलपी मिळाली." दुसरा म्हणतो, "मी ईसीएसडीसाठी थांबलोय." गाणारा कोण, काय गायलाय, हे मधे कुठेच येत नाही. पहिली मोनो, दुसरी स्टिरिओ, एवढाच तो मामला. तेच गाणं, तोच फोटो, पण कव्हरच्या पाठीवरचा मजकूर बदलला किंवा गाणं संपल्यावर लेबलाजवळ जो गुळगुळीत पट्टा असतो त्यावर कोरलेला आकडा निराळा निघाला, की ती नवी रेकॉर्ड धरतात. "ही आहे ना आपल्याकडे?" या प्रश्नाला "ती वेगळी" हे उत्तर देताना चेहरा सरळ ठेवता आला, तर समजावं की माणूस पंथात पूर्ण मुरला.

एवढा खटाटोप ज्या आशेवर चालतो त्या आशेलाही काही कथांचा आधार आहे. चरणजित सिंग नावाच्या मुंबईच्या वादकानं 1982 साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीनं एलपी काढली, कोणी विचारलं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, 2010 मध्ये नव्यानं निघाली, आणि परदेशातली मंडळी म्हणू लागली की ज्याला आपण अमेरिकेचं संगीत समजत होतो ते याआधीच मुंबईत कोणी वाजवून ठेवलंय. दुसरी कथा बीटल्सची. जग अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी विसरलं, तरी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून साठच्या दशकात बीटल्सची गाणी भारतात अठ्ठ्याहत्तरवर निघाली. परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी आता वाट्टेल ते मोजतात. तेव्हापासून कीर्तनाच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या तळाशी बीटल्स असतील या भरवशावर आम्ही गुडघे धरून उकिडवे बसतो. तळाशी लिंग्वाफोन निघतो.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडतो तो मागचा मालक. त्याला मी कधी भेटलेलो नसतो, पण रेकॉर्डीमुळे त्याची बरीच माहिती कळते. मधल्या भोकाभोवती कागदी लेबलवर चंदेरी रेघांचं बारीक जाळं असतं; रेकॉर्ड चढवताना खिळा न सापडल्यामुळे झालेलं. जाळं दाट असलं की समजावं, हा माणूस अंधारात रेकॉर्ड लावत असे, किंवा चष्मा लावत नसे, किंवा रात्री जरा जास्त प्रसन्न असे. एलपीच्या दोन बाजू ताडून बघाव्यात. पहिली बाजू काळी कुळकुळीत आणि दुसरीवरचा तिसरा पट्टा करडा, म्हणजे बाकीच्यांना चुकवून त्या घरात एकच गाणं वाजत होतं. माझ्याकडे एका भावगीतांच्या एलपीचं आतलं पाकीट आहे. त्यावर कोणीतरी शाईच्या पेनानं ते गाणं ऐकून ऐकून उतरवून घेतलंय. जिथे शब्द कळला नाही तिथे मोकळी जागा ठेवलीय, पुढे कधीतरी पेन्सिलीनं एक जागा भरलीय, ती चुकीची, मग खोडलीय. अक्षर बाईमाणसाचं वाटतं. तो शब्द मला ऐकू येतो. मी तो तिथे लिहावा की नाही, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

कव्हरांवर 'सप्रेम भेट' असतं. पूर्वी लग्नात लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ आणि एलपी असा आहेर येई. आहेराच्या एलपी हमखास नव्यासारख्या निघतात, कारण ज्यांना दिली त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नसे, आणि देणाऱ्याला ते माहीत असे. याच्या अगदी उलट प्रकार लाउडस्पीकर सर्व्हिसचा. लेबलवर जांभळा रबरी शिक्का, शेजारी तांबड्या रंगानं घातलेला नंबर. अशी रेकॉर्ड मी हात जोडूनच बाजूला ठेवतो. तिनं अख्ख्या तालुक्यातली लग्नं लावलेली असतात, सार्वजनिक गणपती उठवलेले असतात, आणि प्रत्येक मांडवात दिवसभर तीच तीच बाजू गायलेली असते. तिच्यातून आता गाणं निघत नाही, निव्वळ मांडव ऐकू येतो.

आणि मराठी घरातून आलेल्या गठ्ठ्यात 'गीतरामायणा'चा अर्धा संच असतोच असतो. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीनं आठवड्याला एक गीत अशा हिशोबानं वर्षभर ते ऐकवलं. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल, छप्पन्न गीतं. पुढे त्याचे एलपींचे संच निघाले आणि घराघरांत गेले. पण मी आजवर पूर्ण संच विकायला आलेला पाहिला नाही. विचारलं की कळतं, वडील गेले, वाटण्या झाल्या, बालकांड थोरल्याकडे गेलं, लंका धाकट्याकडे. थोरल्यानं राज्य सोडलं, धाकट्यानं ते पादुका ठेवून सांभाळलं, अशी ज्यात कथा आहे ते रामायण दोघा भावांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं. आता दोघांचे मुलगे आपापला अर्धा संच विकायला काढतात, आणि एकमेकांचा फोन नंबर मागितला तर देत नाहीत.

"हे सगळं ऐकता कधी?" हा प्रश्न पाहुणे विचारतात. पाहुण्यांनी हा प्रश्न विचारू नये. रविवार बाजारात जातो, सोमवार-मंगळवार धुण्यात, बुधवारी पुन्हा बाजार असतो. त्यात सुई महाग. सुई झिजते, रेकॉर्ड झिजते. एलपीची बावीस मिनिटांची बाजू म्हणजे सातशेहून अधिक फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला दोघींचंही थोडं थोडं आयुष्य जातं. म्हणून मी, आणि माझ्यासारखे बरेच जण, ज्या खुर्चीतून हात लांबवला की रेकॉर्ड हाताला लागते, त्याच खुर्चीत बसून तेच गाणं मोबाइलवर ऐकतो. रेकॉर्ड जपायला नको? अठ्ठ्याहत्तरच्या बाबतीत तर दर तीन-साडेतीन मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते. हेच गृहस्थ पाण्याचा पेला स्वतः उठून घेत नाहीत, असं निरीक्षण आमच्याकडे नोंदवलेलं आहे.

एका स्नेह्यांकडे गौहरजानची तबकडी आहे. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गनं कलकत्त्यात तिचं गाणं मुद्रित केलं. ध्वनिमुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथे तबकड्या निघत. हे गाणं कोणाचं हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. कोणी घरी आलं की हे स्नेही ती तबकडी काढतात, हलकेच पिन उचलतात आणि थेट शेवटावर ठेवतात. नाव ऐकू येतं. पिन वर. "काय ठसका आहे!" ते म्हणतात. त्याच्या आधीचं गाणं कसं आहे हे त्यांच्या घरी येणाऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.

हे सगळे वेडे, असं मात्र समजू नये. कंपन्यांनी स्वतः जे जपलं नाही असं बरंच काही या उकिडव्या बसणाऱ्यांमुळे टिकलं. मुंबईत 1990 पासून अशा मंडळींची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी लेबलं, नंबर, तारखा यांची लावलेली संगती बघितली की आपण नुसते गोळा करतो आणि ते संग्रह करतात, हा फरक कळतो. आणि या छंदाचा परमोच्च क्षण तर अवकाशातच आहे. 1977 साली नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली, तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. रेकॉर्डिंगच्या बाबतीत एवढ्या कडक असलेल्या केसरबाई सूर्यमालेबाहेर गेल्या आणि आम्हाला त्यांची एक धड तबकडी मिळत नाही. पण मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. त्या लोकांनी रेकॉर्डीबरोबर सुई पाठवली, कार्ट्रिज पाठवलं, ती किती वेगानं फिरवायची ते चित्र काढून पाठवलं. परग्रहावरच्या अनोळखी गिऱ्हाइकाची एवढी काळजी! इथे चोर बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला तर त्याचा पट्टा, सुई आणि झाकण वेगवेगळ्या तीन दुकानांत असतं, आणि तिन्ही दुकानं एकाच माणसाची असतात.

आमच्या पंथातली एक सवय जाहीरपणे सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. सकाळी वर्तमानपत्र आलं की आम्ही आधी निधनवार्ता वाचतो. वय पंच्याऐंशी, राहणार सदाशिव पेठ किंवा दादर हिंदू कॉलनी, संगीताची आवड, इथपर्यंत वाचलं की कानशिलं गरम होतात. 'मुलगा अमेरिकेत' असं वाचलं की पेपर घडी करून बाजूला ठेवायचा आणि तेरावा कधी येतो ते मोजायचं. बाराव्याच्या आत जाणं असंस्कृतपणाचं. चौदाव्याला गेलं तर रद्दीवाला येऊन गेलेला असतो.

हे सगळं मी दुसऱ्या बाजूनं बघू लागलो ते अलीकडे. माझ्याकडे एक तरुण मुलगा येतो. पंचविशीचा, संगणकात नोकरी, हेडफोनवर वाढलेला आणि अचानक रेकॉर्डींनी झपाटलेला. हुशार आहे. तिरप्या उजेडात धरायला शिकला, टिचकी मारायला शिकला, आता हुंगतोही. येताना माझ्यासाठी साखर नसलेली बिस्किटं आणतो. "काका, शुगर कशी आहे? तपासता ना वेळेवर?" असं फार मनापासून विचारतो. विचारताना त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नसते, तिसऱ्या फळीवर असते. बोलता बोलता स्वयंपाकघरातला पेढ्याचा जुना डबा हातात घेऊन निरखत बसला, तेव्हा मला कुकरचं झाकण आठवलं आणि मी ओळखायचं ते ओळखलं.

संध्याकाळी मी सौ.ला म्हटलं, "त्या पोराचं लक्षण मला ठीक दिसत नाही. कपाटावर डोळा आहे त्याचा."

"माहितेय," ती भाजी निवडत म्हणाली. "मी त्याला कधीच सांगून ठेवलंय, सुट्या द्यायच्या नाहीत. एकगठ्ठा घेणार असशील तरच."

"मग? काय म्हणाला?"

"हो म्हणाला. फक्त विचारत होता, 'शोले' धरूनच का?"